जुना पिक्चर पोरांना दाखवायचा की नाही? आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

मे महिन्यात आणि गणपतीत आमच्या कोकणातल्या वाडीत कुणाच्या तरी खळ्यात पडदा लागतो, चाकरमान्यांची पोरं, इथली पोरं, सगळी एकत्र बसतात आणि कुठला तरी जुना पिक्चर सुरू होतो. पिक्चर निवडायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे आयांचे, बाबांचे, कधी आजोबांचेही फोन येतात, आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात. ते इथे एकत्र लिहून ठेवतेय म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

हा पिक्चर आम्ही लहानपणी दहा वेळा बघितलाय. परत बघायची काय गरज?

गरज आहे, आणि सगळ्यात जास्त इथेच आहे. लहानपणी बघितलेल्या पिक्चरमधली गाणी आपल्याला आठवतात, कॉमेडी आठवते, हिरोची एंट्री आठवते, बाकीचं डोक्यातून गळून गेलेलं असतं. शिवाय आपण तो बघितला कुठे, तर दूरदर्शनवर, शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी, तिथे बऱ्याचदा कापलेला असायचा, आणि घरातलं मोठं माणूस नेमक्या सीनला "जा गो, पाणी घेऊन ये" म्हणून उठवायचं. म्हणजे तुम्ही बघितलेला पिक्चर आणि आज मोबाईलवर सापडलेला पिक्चर एकच असेल असं नाही.

उदाहरण द्यायचं तर १९८७ चा 'मिस्टर इंडिया' घ्या. कुणालाही विचारा, "अरे तो तर पोरांचाच पिक्चर" म्हणतात, मोगॅम्बो आठवतो, अदृश्य व्हायचं घड्याळ आठवतं. पण त्यात टीना नावाची चिमुरडी बॉम्बस्फोटात मरते हे कितीजणांच्या लक्षात असतं? पाच-सहा वर्षांच्या पोराला मात्र तेच लक्षात राहतं, कारण ती त्याच्याच वयाची असते. पिक्चर वाईट आहे असं मुळीच नाही, माझा आवडता आहे, फक्त तो सीन येणार हे शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला आधी माहिती हवं.

यू सर्टिफिकेट आहे म्हणजे बिनधास्त दाखवायचा ना?

जुन्या पिक्चरच्या बाबतीत नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली आपल्याकडे कितीतरी वर्षं दोनच प्रकार होते, यू म्हणजे सगळ्यांसाठी आणि ए म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. मधलं यूए आलं १९८३ मध्ये, त्याच वर्षी सेन्सॉर बोर्डाचं नाव बदलून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ झालं (आपण अजून सेन्सॉरच म्हणतो ते सोडा). आता विचार करा, १९७० च्या दशकातला मारधाडीचा पिक्चर, अगदी ए द्यावा इतका भयंकर नाही पण सहा वर्षांच्या पोरासाठीही नाही, तो जाणार कुठे? मधला कप्पाच नव्हता, त्यामुळे असे कितीतरी पिक्चर यू मध्येच बसले. म्हणून १९८३ च्या आधीचा यू हा आजच्या यू सारखा धरायचा नाही.

८३ नंतरचा यूए सुद्धा ढोबळच होता, बारा वर्षांखालच्या मुलांनी आईवडिलांच्या देखरेखीखाली बघावा एवढंच. सात वर्षांचा आणि अकरा वर्षांचा एकाच मापात. २०२४ च्या नवीन नियमांनी त्याचे तीन भाग केले, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+, पण ते नवीन सर्टिफिकेट घेणाऱ्या पिक्चरसाठी, १९८५ चा पिक्चर यूट्यूबवर कुणी टाकला तर त्याच्यावर जुनाच शिक्का दिसणार.

सुरुवातीला ते सर्टिफिकेट दिसतं त्यात काय बघायचं?

पॉज करा आणि नीट वाचा, दोन मिनिटांचं काम आहे आणि बरंच काही कळतं. कुठला प्रकार ते बघा, तारीख बघा (८३ च्या आधीची की नंतरची), आणि लांबी बघा. जुन्या सर्टिफिकेटवर लांबी मिनिटांत नसते, मीटरमध्ये असते आणि किती रिळं तेही असतं. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण २७ मीटर पळते, म्हणजे सर्टिफिकेटवर ४१०० मीटर असेल तर पिक्चर अडीच तासांचा. तुमच्याकडची कॉपी दोन तासांचीच असेल तर कुणीतरी मधलं कापलंय. पाच-सहा मिनिटांचा फरक असेल तर सोडून द्या, टीव्हीसाठी काढलेल्या बऱ्याच कॉपी सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमने चालायच्या त्यामुळे तेवढं कमी होतंच. आणि सर्टिफिकेटच्या खाली डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर सेन्सॉरने कट सांगितले होते असं समजायचं.

कॉपी कुठली हे बघणं महत्त्वाचं का ते 'शोले'वरून कळेल. १९७५ मध्ये थिएटरात जो शेवट दाखवला त्यात पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात, पण मूळ शूट केलेल्या शेवटात ठाकूर स्वतःच गब्बरला संपवतो, तो सेन्सॉरने बदलायला लावला होता. आता मूळ शेवटाची रिस्टोअर केलेली कॉपीही आहे. नाव तेच, पण आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने शेवट अगदी वेगळा. आणि शेवट कुठलाही असो, ठाकूरच्या घरातल्या लहान मुलालाही गब्बर सोडत नाही हे दोन्हीत आहे. मी 'शोले' बारा-तेराच्या आत लावत नाही, आमच्या वाडीत यावरून दरवर्षी वाद होतो, तरी नाही लावत.

ओटीटीवर तर वयच लिहिलेलं असतं, तेवढं पुरे नाही का?

बऱ्यापैकी मदत होते. २०२१ च्या आयटी नियमांमुळे ओटीटीवर यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असं लिहावं लागतं आणि सोबत हिंसा, भाषा वगैरे कशामुळे तेही. यूए १३+ पासून पुढच्यासाठी लॉकची सोय द्यावी लागते, ती वापरा, पिन मात्र मोठ्या पोरांना सांगू नका, ती धाकट्यांना पहिल्याच दिवशी सांगतात. फक्त हे वय तो प्लॅटफॉर्म स्वतः ठरवतो, सेन्सॉर नाही, त्यामुळे थिएटरला यू असलेला जुना पिक्चर तिथे १३+ दिसू शकतो. दोन्हीत फरक दिसला तर मी कडक असेल ते धरते.

यूट्यूबचं वेगळं आहे, तिथे पिक्चर साधा असला तरी मध्ये येणारी जाहिरात कुठली असेल सांगता येत नाही आणि तो संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. ऑटोप्ले बंद करा आणि पिक्चर संपताना रिमोट मोठ्यांच्या हातात ठेवा.

वयाप्रमाणे ढोबळ काही सांगाल का?

ढोबळच सांगते, कारण पोर पोर वेगळं असतं. सातेक वर्षांपर्यंत पोरं दिसण्याला घाबरतात, चेहरा भयानक, आवाज मोठा, काहीतरी अचानक रूप बदलतं, एवढं बास असतं, ते खोटं आहे हे सांगून फारसा उपयोग होत नाही. आठ-नऊच्या पुढे राक्षसाची भीती कमी होते आणि खरोखर घडू शकेल त्याची वाढते, चोर, आग, बुडणं, आई-बाबांना काहीतरी होणं. म्हणजे पौराणिक पिक्चरमधला दहा तोंडांचा राक्षस चौथीतल्या पोराला गंमत वाटेल आणि साधा सामाजिक पिक्चर, ज्यात बाप दारू पिऊन आईला मारतो, तो त्याला रात्रभर जागा ठेवेल. मोठी माणसं नेमकं उलट धरून चालतात, भूत-राक्षस नाही ना मग चालेल असं.

आणि लहान पोरांचं एक, तीन तास बसणं त्यांच्याच्याने होत नाही. इंटरव्हलला थांबा, उरलेला उद्या.

आमच्याकडे सुट्टीत चार वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची दहा-बारा भावंडं एकत्र असतात. कुणाच्या वयाने ठरवायचं?

सगळ्यात धाकट्याच्या. यावर मोठी पोरं चिडतात, मला माहिती आहे, पण एकाच पडवीत पडदा लावलात की धाकट्याला आत झोपवलंय या म्हणण्याला अर्थ नसतो, आवाज माजघरापर्यंत जातो आणि नुसता आवाज ऐकून पोर जास्त घाबरतं. मोठ्यांसाठी वेगळी रात्र ठेवा, धाकटी आजीकडे झोपायला गेली की मग, आणि तसं आधीच सांगून टाका म्हणजे भांडण होत नाही.

बघताना पडद्याकडे कमी आणि पोरांकडे जास्त लक्ष द्या. घाबरलेलं पोर "मला भीती वाटते" असं चारचौघांत सांगणार नाही, त्यात मोठा चुलतभाऊ शेजारी असेल तर नाहीच. हात बघा. फणसाचा गरा तोंडाशी नेलेला तसाच हातात राहिला, चिकट बोटं पुसायचंही भान नाही, पाय वर घेऊन फ्रॉकखाली ओढून घेतले, की समजायचं. अशा वेळी पिक्चर बंद करून गाजावाजा करू नका, नुसतं जाऊन मागे बसा, मांडीवर घ्या, कानात पुढे काय होणार ते सांगा. पुढे काय होणार हे कळलं की लहान पोरांची निम्मी भीती जाते, त्यांना सस्पेन्स वगैरे नको असतो.

आमची पोरं जत्रेला रात्रभर दशावतार बघतात, संकासुर बघतात, राक्षस बघतात. मग पिक्चरमधल्या राक्षसाने काय बिघडतंय?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण फरक खरा आहे. दशावतारात राक्षस करणारा माणूस पोराने संध्याकाळी देवळामागे तोंडाला रंग लावताना बघितलेला असतो. तो ओरडत येतो तेव्हा आधी पखवाज आणि झांज सांगते की आता येणार, तो प्रेक्षकांत घुसला तर पोरं किंचाळत पळतात आणि हसत परत येतात, लढाई सगळी तालावर असते. पळायला जागा असते, सभोवती गाव असतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच राक्षस चहाच्या टपरीवर बसलेला दिसतो. पिक्चरमध्ये चेहरा अख्ख्या पडद्याएवढा होतो, आवाज अचानक येतो, ठिकाण अंधारं असतं आणि तो माणूस नंतर कधी भेटत नाही.

पण यातूनच एक युक्ती मिळते. पोरांना पिक्चरची "रंग लावायची खोली" दाखवा. 'झपाटलेला' घ्या, १९९३ चा, सगळे कॉमेडी म्हणून लावतात आणि मग आठवडाभर पोरं घरातल्या बाहुल्या कपाटावर ठेवायला सांगतात. त्यातला तात्या विंचू हा बोलका बाहुला, तो हलवण्यामागे रामदास पाध्ये होते, त्यांचे बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम यूट्यूबवर आहेत. आधी ते बघा, बाहुल्याच्या आत हात असतो, आवाज माणसाचा असतो हे पोरांना दिसू दे, मग पिक्चर. तरीसुद्धा सात-आठच्या आत मी लावणार नाही. कारण भुताची भीती एक वेळ रानात राहते, पण बाहुली अंथरुणात शेजारी असते.

जुन्या हिंदी पिक्चरमध्ये मारामारीपेक्षा जास्त कशाकडे लक्ष द्यायचं?

बायकांशी कसं वागतात त्याकडे. मारामारी पोरांना खोटी वाटते, ढिशूम ढिशूम आवाजावर हसतात. पण १९७० आणि ८० च्या दशकांतल्या कितीतरी पिक्चरमध्ये व्हिलन किती वाईट हे दाखवायला बलात्काराचा सीन टाकलेला असतो, बऱ्याचदा हिरोच्या बहिणीवर, आणि मग ती जीव देते. बघायला आलेलं पोर दहा वर्षांचं असेल तर त्याला काय झालं ते कळत नाही पण काहीतरी भयंकर झालं आणि त्याबद्दल विचारायचं नाही एवढं बरोबर कळतं. आणि मुलगी असेल तर "असं झालं की मरायचं असतं" हे तिच्यापर्यंत पोचतं. असा पिक्चर मी सरळ बाजूला ठेवते, गाणी कितीही चांगली असली तरी.

दुसरं त्याहून साधं दिसतं म्हणून निसटतं. हिरो हिरॉईनच्या मागे लागतो, वाट अडवतो, ओढणी ओढतो, ती चिडते, गाणं होतं आणि गाण्याच्या शेवटी तिला तो आवडायला लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे नुसतं दाखवून सोडू नये. पिक्चर थांबवून भाषण द्यायची गरज नाही, मी एवढंच विचारते, "आपल्या ताईची एसटी स्टँडवर कुणी अशी वाट अडवली तर?" पुढचं पोरं आपापसात बोलतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतात.

मग मराठी कॉमेडी तरी सेफ ना?

बऱ्याचशा हो, पण सगळ्या नाहीत. दादा कोंडकेंचे पिक्चर डबल मीनिंगसाठीच प्रसिद्ध आहेत, लहान पोरांच्या डोक्यावरून जातं हे खरं, पण ती डायलॉग पाठ करतात आणि शाळेत बाईंसमोर म्हणतात. बाकीच्यांत जाडेपणावर, काळ्या रंगावर, तोतरेपणावर, बहिऱ्या माणसावर विनोद असतात. मी त्यामुळे पिक्चर टाळत नाही, पण पडद्यासमोर तोतरं बोलणारं किंवा जाडं पोर बसलेलं असेल तर टाळते, कारण मग पुढचे पंधरा दिवस वाडीतली पोरं त्याला त्याच नावाने हाक मारणार.

सिगरेट-दारूचं पण बघा. पिक्चरमध्ये सिगरेट दिसली की खाली इशारा, सुरुवातीला आरोग्याची जाहिरात, हे सगळं २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालं. त्याआधीच्या पिक्चरची नेटवरची कॉपी असेल तर हिरो स्टाईलमध्ये धूर सोडतो आणि खाली काही येत नाही.

इंग्रजी जुने पिक्चर? त्यावर पीजी लिहिलेलं असतं.

पीजी म्हणजे आईवडिलांनी बघून ठरवावं असा. तिथेही वर्ष बघा. अमेरिकेत पीजी-१३ हा प्रकार जुलै १९८४ मध्ये आला, त्याआधी मधलं सगळं पीजी मध्येच, आपल्या यू सारखीच गत. १९७५ चा 'जॉज' पीजी आहे, त्यात शार्क एका लहान मुलाला खातो. आपल्याकडे हा पिक्चर लावताना जरा जास्त विचार करा, आपली पोरं रोज समुद्रावर असतात, कुणाचे बाबा पहाटे होडी घेऊन जातात. मोरी, म्हणजे आपल्याकडचा छोटा शार्क, बाजारात टोपलीत बघितलेली असते हे खरं, पण अंधाऱ्या पाण्याखालून येणारी ती पडद्यावरची वेगळीच, आणि बाबा रात्री पाण्यात असताना पोराने ते डोक्यात घेऊन झोपू नये. चौदा-पंधराच्या पोरांना मात्र जरूर दाखवा, पिक्चर उत्तम आहे.

चार्ली चॅप्लिन सगळ्यांना चालतो. 'मॉडर्न टाइम्स'मध्ये जेलमधला एक सीन आहे, मिठाच्या डबीत लपवलेली नशेची पावडर चार्ली चुकून खातो. लहान पोरं नुसती हसतात, मोठी विचारतात, तेव्हा खरं काय ते सांगून टाका.

रडवणारे पिक्चर दाखवावेत का?

हो, दाखवावेत. रडणं आणि घाबरणं वेगळं. पिक्चर बघून रडलेलं पोर आईला बिलगतं आणि झोपतं.

'श्यामची आई' तर आपल्या कोकणातलीच गोष्ट, साने गुरुजी दापोलीजवळच्या पालगडचे. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये पिक्चर काढला आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पहिल्यांदा मिळालं ते याच पिक्चरला. शेवटी आई जाते हे आधी सांगून बसवा. आठ-नऊच्या पुढे चांगला. ज्या घरात आई आजारी आहे किंवा नुकतंच कुणी गेलंय तिथल्या पोराला यावर्षी नको, पुढच्या वर्षी बघेल.

'श्वास' आता जुन्यातच धरायला हवा, २००४ चा आहे. कोकणातल्या परशा नावाच्या लहान मुलाला डोळ्याचा कॅन्सर होतो, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि आजोबांना हे त्याला सांगायचं असतं. रक्त नाही, मारामारी नाही, घाण शब्द नाही, तरी मी दहाच्या आत नको म्हणते कारण लहान पोरं दुसऱ्या दिवशी स्वतःचे डोळे झाकून बघतात आणि आपल्यालाही असं होईल का विचारत राहतात. दहाच्या पुढे मात्र यासारखा पिक्चर नाही, मोठी माणसं मुलांना खरं कधी सांगतात यावर पोरं भरभरून बोलतात.

ब्लॅक अँड व्हाइट म्हटलं की पोरं उठून जातात.

मूकपटापासून सुरुवात करा. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' नेटवर मिळतो, जेवढा शिल्लक आहे तो तासाभराच्या आतच संपतो. कृष्ण झालीये फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी, सुरुवातीला नुसते तिचे चेहऱ्याचे हावभाव आहेत. आवाज नाही त्यामुळे आजोबांना गोष्ट सांगत बसता येतं, पोरं पेटी नाहीतर ताटली वाजवून म्युझिक देतात. शंभर वर्षांपूर्वीची आपल्याएवढीच पोर खोड्या काढताना बघून ती बसतात हो, अगदी खिळून बसतात.

सासरे म्हणतात, "आम्ही काय वाट्टेल ते बघून मोठे झालो, काय झालं आम्हाला?" त्यांना काय सांगू?

वाद घालू नका, त्यांना निवडायला बसवा. त्यांच्या आवडीचे पाच पिक्चर विचारा आणि प्रत्येकाबद्दल एवढंच विचारा, "बाबा, यातलं काय बघून तुम्हाला लहानपणी झोप आली नव्हती?" बहुतेक आजोबांना एक तरी सीन नेमका आठवतो, आणि तो सांगताना नातवासाठी पिक्चर ते स्वतःच बदलतात.

अडीच तास आधी बघायला वेळ कुणाला आहे?

पहिली दहा मिनिटं, इंटरव्हलच्या आधीची दहा, शेवटची वीस, हे नीट बघा, बाकी पळवत बघा. हिंदी पिक्चर असेल तर फ्लॅशबॅक चुकवू नका, नको ते बऱ्याचदा तिथेच असतं. आयएमडीबी या पिक्चरची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर पिक्चरच्या पानावर पालकांसाठी भाग असतो, लोकांनीच लिहिलेला, त्यात कुठला सीन कसा आहे ते असतं. इंग्रजी पिक्चरचं छान मिळतं, जुन्या मराठीचं क्वचितच, तिथे शेजारच्या काकूंना विचारलेलं बरं.

पोर घाबरलंच, रात्री उठतंय, आता काय?

"त्यात काय घाबरायचं" म्हणू नका आणि इतर भावंडांना चिडवू देऊ नका. दिवसा, उजेडात, विचारा की नक्की कुठला सीन. मग चित्र काढू दे, गोष्टीचा शेवट बदलू दे. तोच सीन परत दाखवून भीती घालवायचा प्रयोग लहान पोरांवर करू नका. दोन-तीन आठवडे झाले तरी झोप नीट नसेल तर डॉक्टरांना सांगा, देवस्कीकडे, म्हणजे अंगारे-धुपारे करणाऱ्यांकडे, जाऊ नका.

मध्येच लाईट गेली तर?

कोकणात हा प्रश्न हवाच. मे संपत आला, वळवाचा पाऊस आला की पिक्चर नेमका भयंकर जागी अडकतो आणि पोरं अर्धवट गोष्ट डोक्यात घेऊन अंधारात झोपायला जातात, पूर्ण पिक्चर बघण्यापेक्षा हे वाईट. म्हणून पिक्चर माहिती असलेलं एक मोठं माणूस तिथे हवंच. टॉर्च लावा, पोरांना गोल बसवा आणि उरलेली गोष्ट शेवटापर्यंत सांगून टाका, कोण वाचलं, कोण सापडलं, सगळं. लाईट आली तर पुढचा बघता येईल, नाही आली तर उद्या दिवसा लावा, आणि इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर प्रोजेक्टरच्या आधी पडवीतला दिवा जोडा.